किनारी शहरातलं बजेट हॉटेल: कोरडी खोली कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा: समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात आठवडाभर राहायचंय, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, वडिलांना दमा. बजेट बेताचं. थोडे जास्त पैसे मोजून समुद्राकडची खोली घ्यावी का, आणि स्वस्त हॉटेलात नेमकं काय तपासावं?

मी बरीच वर्षं किनारी शहरांतल्या लहान हॉटेलांचं हाउसकीपिंग सांभाळत आलो आहे, त्यामुळे खोलीच्या आतल्या बाजूने उत्तर देतो. समुद्राकडच्या खोलीसाठी आठवडाभर जादा पैसे मोजू नका. आई-वडिलांना खिडकीतून समुद्र बघायचाच असेल, तर शेवटची एक रात्र तशी खोली घ्या. बाकीच्या रात्रींसाठी कोरडी खोली शोधा. किनाऱ्यावरच्या स्वस्त हॉटेलात पाहुण्याला जो त्रास होतो त्याचं मूळ बहुतेक वेळा ओलीत असतं: कुबट वास, चिकट चादर, न वाळणारा टॉवेल, कोपऱ्यातले काळे ठिपके, सकाळी उठल्यावर भरून आलेली छाती. दम्याच्या माणसाला तर हे फार जपायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली फक्त इमारतीतली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दमा बळावण्याशी असलेला ओलीचा संबंध स्पष्ट मांडला आहे.

समुद्रासमोरची स्वस्त खोली ओली का राहते, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि वाऱ्याबरोबर खोलीत येतात. आपल्या जेवणातलं शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. त्यामुळे पडद्यावर, गादीच्या कापडावर, भिंतीवर हा खार एकदा बसला की त्या वस्तू पूर्ण वाळतच नाहीत. हात लावला की चिकट लागतात, आणि त्या चिकटपणावर धूळ बसून बुरशीला खाद्य मिळतं. मोठी हॉटेलं यावर सतत खर्च करतात. पडदे वारंवार धुतात, गाद्या बदलतात, भिंतींना दर थोड्या दिवसांनी नवा रंग देतात. बजेट हॉटेलाला ते झेपत नाही. म्हणून अगदी पहिल्या रांगेतलं स्वस्त हॉटेल हा माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा. या तुषारांतला मोठा वाटा किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांतच खाली बसतो. चार-पाच गल्ल्या आत गेलात की तेवढ्याच पैशांत बरीच कोरडी खोली मिळते, आणि समुद्र पायी दहा-पंधरा मिनिटांवर राहतो.

समुद्राकडच्या खोलीत छान वारा येईल, हीही एक समजूत असते. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात, दुपारी त्यांचा जोर असतो; रात्री जमीन निवते आणि मतलई वारे उलट जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणजे तुम्ही बाहेर फिरत असता तेव्हा वारा आत येतो आणि झोपायच्या वेळी तो पडलेला किंवा फिरलेला असतो. त्यात समुद्र पश्चिमेला असेल तर संध्याकाळपर्यंत ऊन थेट खोलीत, आणि भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली.

हॉटेल शोधताना नकाशा नीट बघा. जाहिरातीतलं 'समुद्रापासून पाच मिनिटं' हे कशाने, हे लिहिलेलं नसतं. मध्ये खाडी, रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता असेल तर सरळ रेषेतलं अंतर काही कामाचं नाही. शिवाय किनाऱ्यावरची बरीचशी शहरं किनाऱ्याला धरून लांबट वाढलेली असतात आणि गर्दीच्या वेळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यात अर्धा दिवस जातो. तुमची कामं आणि फिरणं ज्या भागात जास्त, तिथल्या स्टेशनच्या किंवा मुख्य बसमार्गाच्या चालत्या अंतरात हॉटेल बघा. वयस्कर माणसांबरोबर असताना दुपारी दोन तास खोलीवर येऊन आडवं होता येणं फार मोलाचं असतं.

पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवा, मधले वाचा. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले, मागच्या एक-दोन वर्षांतले शोधा. हिवाळ्यात 'स्वच्छ, टापटीप' म्हणून नावाजलेली खोली दमट महिन्यांत वेगळीच असते. वास, ओल, कुबट, गळती, बुरशी हे शब्द किती जणांनी वापरलेत ते बघा. एकाने तक्रार केली तर एखादी खोली वाईट असेल. वेगवेगळ्या महिन्यांत तीन-चार जण तेच म्हणत असतील तर इमारतच ओली आहे. हॉटेलने टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, आणि त्यात पलंग सोडून छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत, बाथरूमचा दरवाजा खालून फुगलाय का हे बघा.

मग फोन करा. हे फार कमी लोक करतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे. काउंटरवरच्या माणसाला कुठल्या खोलीत पाणी झिरपतं, कुठल्या खोलीत एसी टपकतो, कुठली खोली कायम कुबट, हे पाठ असतं. 'चांगली खोली द्या' म्हटलं तर तो आधी न खपणारी खोली पुढे करतो, कारण ती भरणं हे त्याचं काम आहे. त्याऐवजी नेमकं सांगा: 'वडिलांना दमा आहे, कोरडी खोली हवी, खिडकी बाहेर उघडणारी हवी, मधल्या मजल्यावरची.' दमा म्हटल्यावर तो सांभाळून खोली देतो, कारण रात्री दोन वाजता पाहुण्याला धाप लागलेली कुणालाच नको असते. खिडकीचं आवर्जून विचारा. स्वस्त हॉटेलांत बऱ्याच खोल्यांची खिडकी उघड्यावर नसून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. त्या डक्टमध्ये सगळ्या बाथरूमांची दमट हवा, पाइपांची गळती आणि खालच्या स्वयंपाकघराचा वास साठलेला असतो. अशी खिडकी नसलेली बरी.

आणखी एक विचारा: ती खोली काल भरलेली होती का? गिऱ्हाइकांना वाटतं की बरेच दिवस कुणी न वापरलेली खोली जास्त स्वच्छ. किनाऱ्यावर उलटं असतं. रोज वापरातल्या खोलीत एसी चालतो, पंखा फिरतो, चादरी बदलतात, नळ वाहते राहतात. आठवडाभर बंद असलेल्या खोलीत गादी गपचूप पाणी पीत असते.

मजल्याबद्दल माझं मत पक्कं आहे: मधले मजले. तळमजल्याला जमिनीची ओल येते, रस्त्याचा आवाज येतो आणि पावसाळ्यात पाणी. सगळ्यात वरच्या मजल्याला गच्चीची गळती आणि तापलेला स्लॅब. आई-वडिलांसाठी दुसरा-तिसरा मजला ठीक; लिफ्ट बंद पडली तरी जिना चढता-उतरता येतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय पोहोचण्याची वेळ ठरवू नका. किनारी शहरातलं पावसाचं पाणी गटारांतून आणि नाल्यांतून समुद्रात जातं. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी त्या तोंडांच्या वर गेली की पाणी बाहेर पडायला वावच राहत नाही, ते ओहोटीपर्यंत सखल रस्त्यांवर तुंबून राहतं. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा त्रास सगळ्यात जास्त. त्या दिवशी मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर सामान घेऊन भरतीच्या तासाला शहरात शिरू नका. हॉटेलचा रस्ता सखल आहे का, हेही फोनवरच विचारा. 'आमच्याकडे पाणी येत नाही' म्हणाले तर 'आणि गल्लीच्या तोंडाशी?' असा पुढचा प्रश्न करा.

आता प्रत्यक्ष खोली. चेक-इनची वेळ साधारण दुपारची असते आणि सकाळी लोक खोल्या सोडून गेलेले असतात, त्यामुळे दुपारी पोहोचलात तर निवडायला वाव असतो. रात्री अकराला पोहोचलात तर उरलेली खोली मिळते. पैसे भरण्याआधी 'आधी खोली बघतो' म्हणा. यात संकोचण्यासारखं काही नाही, हॉटेलवाल्यांना याची सवय असते. वडिलांना खाली बसवा आणि तुम्ही वर जा.

दार उघडल्यावर पहिले दोन श्वास महत्त्वाचे. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग कुबटपणा जाणवेनासा होतो. रूम बॉय आत शिरताच एसी लावायला जातो. त्याला जरा थांबायला सांगा. फवाऱ्याचा किंवा डांबरगोळ्यांचा दरवळ येत असेल तर तो कशावर तरी पांघरूण घालतोय असं समजा. नुकताच दिलेला रंगही तसाच. ओलीवर रंग मारला की दोन महिने भिंत छान दिसते, आणि रंगाचा उग्र वास दम्याच्या माणसाला वेगळा बाधतो. मग हात लावा. उशी दाबून बघा, पडद्याची खालची कड चिमटीत धरा, कपाटाच्या मागच्या फळीवर तळवा ठेवा. गार आणि दमट लागलं तर ती खोली नको. खिडकीखालची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत बघा. लोणा लागून पांढरी भुकटी आली असेल किंवा पोपडे सुटले असतील तर पाणी आतून येतंय, ते एसी लावून जाणार नाही. एसीच्या पात्यांवर मोबाइलचा टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि एसी सुरू होताच ती थेट पलंगावर येणार.

बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावून त्याच्या जाळीला टिश्यूचा कागद लावा. कागद चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. गळून पडला तर पंखा नुसता आवाज करतोय, आणि रोजच्या चार अंघोळींची वाफ खोलीत येणार. नहाणीच्या जाळीतून गटाराचा वास येत असेल तर लगेच नाक मुरडू नका, आधी एक-दोन मग पाणी ओता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. खोली बंद राहिली की ते पाणी वाळून जातं. पाणी ओतल्यावर दहा मिनिटांत वास गेला तर खोली ठीक आहे. नाही गेला तर पाइपातच दोष आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि बोअरमध्ये समुद्राचं पाणी झिरपलेलं असू शकतं; साबणाला फेस येत नसेल तर नळाचं पाणी खारट किंवा जड आहे असं धरा आणि पिण्याचं पाणी वेगळं घ्या.

गीझर बघायला विसरू नका. बाथरूमच्या आत गॅसचा गीझर असेल तर ती खोली घेऊच नका, कितीही स्वस्त असो. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. विजेच्या गीझरची काळजी वेगळी. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेल्या लोकांत न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्यातूनच लेजिओनेला या जिवाणूचा शोध लागला. हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातो. वयस्कर आणि फुप्फुसाचा आजार असलेल्यांना धोका जास्त. धोका रोजचा नाही, पण खबरदारी अगदी सोपी आहे. खोली बरेच दिवस बंद होती असं कळलं तर गीझर पूर्ण तापू द्या, पहिल्या दिवशी गरम आणि गार दोन्ही नळ आणि शॉवर पाचेक मिनिटं सोडून ठेवा आणि तेवढा वेळ बाथरूमबाहेर थांबा. वडिलांना त्यानंतरच अंघोळीला जाऊ द्या. शॉवरऐवजी बादलीने अंघोळ केली तर आणखी बरं.

ढेकणांसाठी पलंगाचं डोकं तपासा. चादर कोपऱ्यातून उचला, गादीच्या शिवणीतून जुनं कार्ड फिरवा, डोक्यामागच्या फळीच्या फटीत टॉर्च मारा. शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग दिसले तर खोली बदला, आणि शेजारची किंवा वरची-खालची नको, वेगळ्या टोकाची मागा. तपासून होईपर्यंत बॅगा पलंगावर ठेवू नका, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. ढेकूण महागड्या हॉटेलांतही असतात, कारण ते सामानातून प्रवास करतात.

बाल्कनी असेल तर तिच्याबद्दल हे सांगायलाच हवं. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. स्लॅबमधली सळई गंजून फुगली की बाहेरचं काँक्रीट फुटून पडतं. म्हणून बाल्कनीत गेल्यावर आधी वर बघा: छताला लांब भेगा, तांबूस ओघळ, उघडी पडलेली सळई दिसली तर तिथे खुर्ची टाकून बसू नका. कठड्याची नळी वरून रंगवलेली, छान दिसते. ती जिथे स्लॅबमध्ये शिरते तिथे वाकून बघा. सडायला तिथूनच सुरुवात होते. आई-वडिलांना कठड्यावर भार देऊन उभं राहू देऊ नका. आगीच्या वेळी उतरायचा लोखंडी जिना असेल तर तोही एकदा डोळ्यांखालून घाला, त्याचं दार आतून उघडतं का ते बघा आणि आपल्या खोलीपासून तिथपर्यंत किती दारं लागतात ते मोजून ठेवा. धुरात काही दिसत नाही, भिंत चाचपत दारं मोजत जावं लागतं.

खोली घेतल्यावर ती कोरडी ठेवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. एसी हवा गार करतो आणि हवेतलं पाणीही काढतो. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असला तर खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि पाणी हवेतच राहतं. मग अंग गार पण चिकट लागतं. १८ वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा २५-२६ वर ठेवा, पंखा सोबत चालू द्या, रिमोटवर 'ड्राय' मोड असेल तर संध्याकाळी तासभर तो लावा. आणि एसीने गार केलेल्या खोलीची खिडकी दमट हवेला उघडू नका. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या हवेतलं पाणी बसतं: भिंतीवर, आरशावर, गादीवर. खोली हवेशीर करायची असेल तर एसी बंद करून सकाळी करा. चावीचं कार्ड काढलं की वीज बंद होण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. दुपारी काही वेळ एसी चालू ठेवता येईल का, हे काउंटरवर सरळ विचारा, कारण सांगितलंत तर नाही म्हणणारे थोडे. समुद्रावरून आल्यावर ओले कपडे खोलीत खुर्च्यांवर पसरू नका. गोड्या पाण्यात पिळून काढा, बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवा, दार लावून घ्या. बॅगा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

वडिलांची औषधं बाथरूमच्या फळीवर अजिबात ठेवू नका. पावडरचा इनहेलर असेल तर दमट हवेत पावडर गोळा होते आणि डोस नीट सुटत नाही. तो झाकण लावून, कोरड्या डब्यात, पलंगाजवळ असू द्या. पहिल्या रात्री त्यांना खोकला वाढला किंवा नाक चोंदलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी खोली बदलून मागा. म्हणूनच सगळा आठवडा आगाऊ भरू नका. आधी दोन रात्रींचं बुकिंग करा, किंवा रद्द करता येईल असं घ्या, आणि खोली पटली की त्याच खोलीत मुक्काम वाढवा. त्या वेळी दरही परत बोला. रिकामी खोली नव्याने भरण्यापेक्षा असलेला पाहुणा टिकवणं हॉटेलला स्वस्त पडतं. कर धरून एकूण किती, अनामत रक्कम किती आणि ती कधी परत, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

निघायच्या दिवशी ओलसर कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. घरी पोहोचल्यावर बॅगा पलंगावर न उघडता फरशीवर रिकाम्या करा, कपडे गरम पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये पूर्ण तापमानावर अर्धा तास फिरवा, आणि रिकाम्या बॅगा दिवसभर उन्हात उघड्या ठेवा.